सील उघडण्याआधी

तमिळनाडूत दिवाणी न्यायाधीशांच्या भरतीसाठी झालेल्या मुख्य परीक्षेत एका तरुणीचा कायद्याचा पहिला पेपर बाद झाला. कॉपीचा आरोप नव्हता, उत्तरांबद्दलही वाद नव्हता. तिच्या उत्तरपत्रिकेत पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि तमिळनाडू लोकसेवा आयोगाच्या सूचनांनुसार पेन्सिल वापरायला मनाई होती. ती मद्रास उच्च न्यायालयात गेली. तिथे निकाल तिच्या बाजूने लागला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि ऑगस्ट २०१९ मध्ये न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. हेमंत गुप्ता यांच्या खंडपीठाने तो निकाल फिरवला. आयोगाच्या सूचनांना कायद्याचं बळ असतं, त्या काटेकोरपणे पाळायच्याच असतात आणि एखाद्या उमेदवाराची दया येते म्हणून न्यायालयाला त्या सैल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं.

हा निकाल वाचणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या मनात आधी कळवळा येतो. इतकी वर्षं अभ्यास करायचा आणि पेन्सिलीपायी सगळं घालवायचं? मलाही तसंच वाटलं. तरीही न्यायालयाचं बरोबर होतं, असं माझं मत आहे. मात्र त्यासोबत एक अट आहे. सूचना पाळण्याची जबाबदारी उमेदवारावर टाकणाऱ्यानेही आपली जबाबदारी तितक्याच काटेकोरपणे पार पाडली पाहिजे. या दोन्ही बाजू नीट समजून घ्यायच्या असतील, तर सूचना कशासाठी असतात इथपासूनच सुरुवात करायला हवी. ‘नियम म्हणजे नियम’ एवढ्या उत्तरावर कुणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या प्रश्नपुस्तिकेवर ‘पर्यवेक्षकांच्या सूचनेविना हे सील उघडू नये’ असं छापलेलं असतं. राज्यातल्या लाखो मुलामुलींना ते वाक्य पाठ आहे. पण त्याच पानावर त्याच्या आजूबाजूला ज्या सूचना छापलेल्या असतात, त्या किती जण शब्दन् शब्द वाचतात? पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या, नागपूरच्या, लातूरच्या, संभाजीनगरच्या अभ्यासिकांमध्ये रात्री अकरा वाजताही खुर्ची रिकामी मिळत नाही. राज्यघटनेची कलमं, नद्यांची खोरी, समाजसुधारकांची जन्मवर्षं सगळी तोंडपाठ असतात. आयोगाची जाहिरात मात्र पदसंख्या आणि शेवटची तारीख पाहून बंद केली जाते. राहिलेली पानं ‘नेहमीचीच’ म्हणून सोडून दिली जातात.

आधी उत्तरपत्रिकेकडे पाहू, कारण बहुतेक अपघात तिथेच होतात.

वर्तुळं रंगवायच्या उत्तरपत्रिकेला आपण ओएमआर शीट म्हणतो. तिचा इतिहास पेन्सिलीपासूनच सुरू होतो. अमेरिकेतल्या मिशिगनमधले एक शाळामास्तर, रेनॉल्ड जॉन्सन, यांनी उत्तरपत्रिका यंत्राने तपासण्याची युक्ती शोधली. पेन्सिलीच्या शिशातलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. योग्य जागी खूण असेल, तर त्या जागेतून प्रवाह जाईल आणि यंत्र तो मोजेल, अशी ती कल्पना. आयबीएम कंपनीने त्यांना नोकरीवर घेतलं आणि १९३८ मध्ये ८०५ क्रमांकाचं यंत्र बाजारात आणलं. (याच जॉन्सन यांच्या हाताखाली पुढे १९५६ मध्ये संगणकाची पहिली हार्ड डिस्क तयार झाली.) त्या यंत्राला शाईची खूण कळतच नसे, म्हणून पेन्सिल सक्तीची होती. १९५० च्या दशकात आयोवा विद्यापीठातले ई. एफ. लिंडक्विस्ट यांनी प्रकाशाने वाचणारं यंत्र बनवलं. मग ग्रॅफाइटची गरज संपली. आता यंत्राला फक्त काळा ठिपका आणि पांढरा कागद यातला फरक कळला म्हणजे पुरे. आपल्याकडेही एके काळी एचबी पेन्सिल चालायची, आज काळं बॉलपेन लागतं. पेन्सिलीची खूण खोडता येते, आणि जी उमेदवाराला खोडता येते ती नंतर दुसऱ्या कुणालाही खोडता येते.

उत्तरपत्रिका हातात आली की तिच्या कडेला ओळीने छापलेल्या बारीक काळ्या पट्ट्या पाहा. यंत्राला ओळी मोजता येतात त्या या पट्ट्यांवरून. एक पट्टी म्हणजे एक ओळ. त्या कडेला पेनाचा फराटा गेला, कागद तिथे दुमडला किंवा घामाने चुरगळला, तर यंत्राचा हिशेब चुकण्याचा धोका असतो. कागदाला घडी घालू नका, कडेला काही लिहू नका, या सूचना त्यासाठीच असतात. पुष्कळ उत्तरपत्रिकांवरची वर्तुळं फिकट गुलाबी किंवा तांबूस रंगात छापलेली असतात. यंत्र ज्या प्रकाशाने वाचतं, त्या प्रकाशात तो रंग जवळपास पांढराच दिसतो. छापलेलं वर्तुळ यंत्राच्या नजरेतून गायब व्हावं आणि उमेदवाराने भरलेला ठिपका तेवढा दिसावा, अशी ती योजना असते. आता कुणी लाल पेनाने वर्तुळ भरलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

यंत्र प्रत्येक वर्तुळातून परत येणाऱ्या प्रकाशावरून काळेपणा मोजतं आणि ठरवलेल्या मर्यादेपेक्षा काळं असेल तर ‘भरलेलं’ समजतं. बरोबरची खूण, फुली, अर्धवट भरलेलं वर्तुळ या गोष्टी त्या मर्यादेच्या आसपास घुटमळतात. माणूस तपासत असता तर त्याला उमेदवाराचं म्हणणं कळलं असतं. यंत्राला म्हणणं कळत नाही, त्याला फक्त काळेपणा कळतो. व्हाइटनर लावून दुसरं वर्तुळ भरलं, तर माणसाला ती दुरुस्ती दिसते आणि यंत्राला एक संशयास्पद डाग. जेल पेनची शाई ओली राहते, समोरच्या पानावर उमटते. शिवाय जिथे उत्तरपत्रिकेखाली प्रत असते, तिथे खालच्या कागदावर खूण उतरायला दाब द्यावा लागतो, आणि तो बॉलपेननेच नीट देता येतो.

वर्तुळांपेक्षा मोठा घात होतो तो संच क्रमांकात. प्रश्नपुस्तिका ए, बी, सी, डी अशा संचांत येतात. प्रश्न तेच असतात, क्रम वेगळा असतो, म्हणजे शेजाऱ्याचं पाहून उपयोग होऊ नये. उत्तरपत्रिकेवर संचाचं जे वर्तुळ भरलेलं असेल, त्याच संचाची उत्तरतालिका यंत्र लावतं. समजा, एखाद्या हुशार मुलीने बी संच सोडवला आणि घाईत ए भरलं. तिची शंभराच्या शंभर उत्तरं बरोबर असली तरी ती दुसऱ्याच प्रश्नांच्या उत्तरांशी ताडली जाणार. चार पर्याय असताना अशा ताडण्यात योगायोगाने जुळतील ती सरासरी पंचवीस उत्तरं, पंच्याहत्तर चुकतील. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आणि चुकीला एक चतुर्थांश कपात, म्हणजे पन्नासातून साडेसदतीस गेले आणि हातात उरले साडेबारा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत कपात एक तृतीयांश आहे. तिथे जवळजवळ शून्य उरतं. दोनशेपैकी दीडशे गुणांची तयारी असलेली मुलगी एका वर्तुळामुळे अंदाजपंचे ठिपके मारणाऱ्याच्या रांगेत जाऊन बसते. केंद्रीय आयोग तर सूचनांमध्येच बजावतो, की रोल नंबर आणि संच यांच्या नोंदीत चूक, विसंगती किंवा राहून गेलेली गोष्ट आढळली तर उत्तरपत्रिका नाकारली जाऊ शकते.

‘आयोगाने चारही तालिका लावून पाहाव्यात, जी जुळेल ती खरी धरावी’, असं पुष्कळ जण म्हणतात. म्हणणं गैर नाही, तांत्रिकदृष्ट्या ते अशक्यही नाही. पण त्यातून दुसरा प्रश्न उभा राहतो. शेजाऱ्याची उत्तरं जशीच्या तशी उतरवणाऱ्या उमेदवारालाही मग तीच सवलत मिळेल. त्याच्या हातात डी संच होता, त्याने शेजाऱ्याचा बी संच उतरवला आणि आपण बी भरायला विसरलो असं सांगितलं, तर त्याला खोटं कसं पाडायचं? संच वेगवेगळे करण्यामागचा हेतूच त्यामुळे संपतो.

एक ओळ सरकण्याचा अपघातही याच जातीचा. सदतिसावा प्रश्न ‘नंतर बघू’ म्हणून सोडला आणि अडतिसाव्याचं उत्तर सदतिसाव्या ओळीत भरलं, की पुढचं सगळं एकेक घर मागे. शेवटच्या पाच मिनिटांत हे लक्षात येतं तेव्हा हात थरथरतात आणि नवं पान मिळत नाही. दोन तासांत शंभर प्रश्न म्हणजे प्रश्नामागे बहात्तर सेकंद. वर्तुळ भरायला पाच सेकंद धरले तरी शंभर वर्तुळांना आठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. ती आठ मिनिटं हिशेबात धरलेली नसतात, म्हणून घाई होते. सरावाच्या चाचण्या प्रश्नपुस्तिकेवरच टिकमार्क करून सोडवणाऱ्यांना ही आठ मिनिटं पहिल्यांदा भेटतात ती थेट परीक्षेच्या खोलीत.

राजस्थान लोकसेवा आयोगाची एक सूचना आपल्याकडच्या मुलांना विचित्र वाटेल. तिथे प्रत्येक प्रश्नाला पाचवं वर्तुळ असतं, प्रश्न सोडवायचा नसेल तर ते भरायचं असतं. दहा टक्क्यांपेक्षा जास्त प्रश्नांत पाचही वर्तुळं कोरी ठेवली तर उमेदवार अपात्र. वर्तुळं भरायला दहा मिनिटं जादा मिळतात. वरवर ही सक्ती जाचक वाटते. पण कोरं वर्तुळ ही गैरव्यवहाराची सगळ्यात सोयीची जागा आहे. परीक्षेनंतर आतलाच कुणी माणूस ते निवांत भरू शकतो. पाचवं वर्तुळ म्हणजे कोऱ्या धनादेशावर मारलेली आडवी रेघ.

आता वर्णनात्मक परीक्षेकडे येऊ. महाराष्ट्रासाठी हा विषय ताजा आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा बहुपर्यायी राहील की वर्णनात्मक होईल, यावरून पुण्यात विद्यार्थ्यांची आंदोलनं झाली. अखेर २०२५ पासून वर्णनात्मक पद्धत लागू झाली. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन मिळून १७५० गुण आणि त्यावर मुलाखतीचे २७५. बहुपर्यायी परीक्षेत वाढलेल्या पिढीला आता पानंच्या पानं लिहायची आहेत, आणि तिथे सूचनांचं स्वरूप पूर्ण बदलतं. यंत्राला वाचता यावं ही चिंता संपते आणि परीक्षकाला ओळखता येऊ नये ही चिंता सुरू होते.

कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या एका मुख्य परीक्षेत काही उमेदवारांनी रोल नंबर ठरवून दिलेल्या जागेखेरीज उत्तरपुस्तिकेत इतरत्रही लिहिला. आयोगाने त्यांच्या उत्तरपुस्तिका तपासल्याच नाहीत. प्रशासकीय न्यायाधिकरणाने त्या तपासायला सांगितलं. आम्हाला बाजू मांडायची संधी न देता बाद कसं केलं, असा उमेदवारांचा सवाल होता, आणि तो वाजवी वाटतो. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या बाजूने निकाल दिला. गुप्तता हा अशा परीक्षेचा प्राण आहे, रोल नंबर इतरत्र लिहू नये ही सूचना त्या गुप्ततेसाठीच आहे, आणि तिचा भंग झाला की प्रत्येकाची सुनावणी घेत बसणं परीक्षेच्या व्यवस्थेला परवडणारं नाही, असा त्याचा गाभा होता.

यातली मेख हेतूच्या प्रश्नात आहे. उत्तरपुस्तिकेत रोल नंबर लिहिणाऱ्या दहापैकी नऊ जणांनी तो सवयीने लिहिलेला असेल. शाळेत प्रत्येक पुरवणीवर नंबर घालायची शिस्त लागलेली असते. दहाव्याने मात्र तो ठरवून, परीक्षकाशी आधी बोलून लिहिलेला असू शकतो. कागदाकडे पाहून कोण नऊतला आणि कोण दहावा, हे कुणालाही सांगता येत नाही. पेन्सिलीची खूण, हिरव्या शाईतलं शीर्षक, पानाच्या डोक्यावर ‘श्री’, शेवटी ‘जय हिंद’, पत्रलेखनाच्या प्रश्नात खाली स्वतःचं नाव आणि गाव, सगळ्यांची गत तीच. संकेत म्हणून वापरता येणार नाही अशी खूणच नसते. म्हणून नियम हेतू विचारत नाही, खूण आहे की नाही एवढंच विचारतो. तमिळनाडूच्या त्या तरुणीचा हेतू स्वच्छ असेलही. पण तिला सूट दिली असती, तर पुढच्या वर्षी पेन्सिल वापरणाऱ्या प्रत्येकाचं मन आयोगाला वाचावं लागलं असतं.

ओळख लपवण्याची सूचना एका बाजूला आणि ओळख पटवण्याची दुसऱ्या बाजूला, असा हा दुहेरी खेळ आहे. रेल्वे सुरक्षा दलातल्या शिपाई भरतीत एका उमेदवाराने अर्ज एका भाषेत भरला आणि उत्तरपत्रिका दुसऱ्या भाषेत. सूचनांनुसार भाषा एकच हवी होती. उमेदवारी रद्द झाली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करणं योग्य ठरवलं. अर्ज भरणारा आणि परीक्षेला बसणारा माणूस एकच आहे, याची खातरजमा करायचं अक्षर हे एक साधन असतं. भाषा बदलली की ते हातून जातं. डमी उमेदवारांच्या बातम्या वाचणाऱ्याला ही सूचना निरर्थक वाटणार नाही.

परीक्षेच्या खोलीबाहेरच्या सूचनांमागे अजून एक विचार आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आंध्र प्रदेशातल्या विजयनगरम जिल्ह्यात निवासी शाळेतल्या शिक्षकपदाची जाहिरात निघाली होती. पदव्युत्तर पदवी किमान द्वितीय श्रेणीत हवी, अशी अट होती. तृतीय श्रेणीच्या एका उमेदवाराची निवड झाली आणि मग चूक लक्षात आली. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की हा प्रश्न नेमणारा आणि नेमलेला या दोघांपुरता नाही. तेवढीच किंवा अधिक पात्रता असूनही ज्यांनी जाहिरातीतली अट वाचून अर्जच केला नाही, त्या सगळ्यांचा हा प्रश्न आहे.

सूचना मोडणारा माणूस आपल्यासमोर उभा असतो. त्याचं नाव असतं, रडवेला चेहरा असतो, वकील असतो. सूचना पाळून घरी बसलेला माणूस कुठेच दिसत नाही. त्याने जाहिरात वाचली, ठरलेल्या तारखेचं प्रमाणपत्र आपल्याकडे नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि परीक्षा शुल्काचे पैसे वाचवून तो गप्प राहिला. उशिरा प्रमाणपत्र आणणाऱ्याला सवलत द्यायची, तर या गप्प बसलेल्यालाही परत बोलवायला हवं. आसाम लोकसेवा आयोगाच्या एका प्रकरणात अपंगत्वाचं प्रमाणपत्र मुदतीनंतर सादर झालं होतं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. अट शिथिल करण्याचा अधिकार नियमात असेल तर तो जाहीरपणे वापरा, सर्वांना कळू द्या. एकासाठी गुपचूप शिथिल केलेली अट समानतेच्या हक्काचा भंग करते.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीच्या प्रमाणपत्रावरून नागरी सेवा परीक्षेच्या २०२२ च्या उमेदवारांचा वाद २०२३ मध्ये निकाली निघाला. तिथेही ठरलेल्या तारखेपर्यंत, ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र हवं, असाच निकाल लागला. आपल्याकडे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राबाबत दर भरतीत हेच होतं. प्रमाणपत्र असतं, पण ते कोणत्या आर्थिक वर्षांचं उत्पन्न धरून दिलंय आणि जाहिरातीला कोणतं लागतं, हे कुणी ताडून पाहिलेलं नसतं. कागदपत्र पडताळणीच्या दिवशी टेबलापलीकडचा कर्मचारी बोट ठेवतो तेव्हा तहसील कार्यालयाकडे धावायची वेळ गेलेली असते. पोलीस शिपाई भरतीत एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करायचा, ही अट तर मुलं जाणूनबुजून मोडतात. चार जिल्ह्यांत अर्ज टाकला तर कुठेतरी लागेल, असा विचार असतो. मैदानी चाचणीनंतर लेखी परीक्षेला जागांच्या प्रमाणात मोजकेच उमेदवार बोलावतात. चार ठिकाणी नाव लागलेला मुलगा लेखीला एकाच ठिकाणी बसू शकतो. उरलेल्या तीन जिल्ह्यांत त्याने अडवलेली जागा त्याच्याइतक्याच गरजू मुलाची असते.

मग सगळ्याच चुका सारख्या आहेत का? नाहीत, आणि न्यायालयांनीही तसं म्हटलेलं नाही. बिहारमधल्या एका तरुणाने पोलीस शिपाई पदाचा अर्ज सायबर कॅफेत दुसऱ्याच्या मदतीने भरला. जन्मतारखेतला एक आकडा चुकला आणि तारीख दहा दिवसांनी मागे गेली. शाळेच्या दाखल्यावरची तारीख बरोबर होती. कोणतीही तारीख धरली तरी तो वयाच्या अटीत बसत होता. सगळे टप्पे पार करूनही त्याला नापास ठरवण्यात आलं. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२४ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला. चूक क्षुल्लक होती, तिचा निवडीवर परिणाम झाला नाही, त्याला तिचा काही फायदा मिळाला नाही, म्हणून त्याला नेमणूक द्या, असा आदेश झाला. इथे कुणा दुसऱ्याचं नुकसान झालं नव्हतं, गुप्तता मोडली नव्हती, यंत्र फसलं नव्हतं.

हा निकाल आणि पेन्सिलीचा निकाल शेजारी ठेवले की रेघ स्पष्ट दिसते. ज्या सूचनेमुळे परीक्षेची गुप्तता, उमेदवाराची ओळख किंवा सगळ्यांना मिळणारी समान संधी टिकते, ती मोडली तर माफी नाही. लिहिण्यातली चूक, जिचा कुणाला लाभ नाही आणि कुणाला तोटा नाही, ती दुरुस्त करायची मुभा हवी. वास्तविक बिहारच्या त्या मुलाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावंच लागायला नको होतं. अर्जाची मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी काही दिवसांची खिडकी प्रत्येक भरतीत उघडी ठेवली, तर निम्मे खटले उभेच राहणार नाहीत. आपल्याकडच्या उमेदवाराला मॅटमध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात, दाद मागता येते. पण तिथे निकाल लागेपर्यंत पुढची भरती निघते, आणि वयोमर्यादा कुणासाठी थांबत नाही.

आता आयोगांच्या बाजूला यायला हवं. सूचनांचा काटेकोरपणा उमेदवारापुरता ठेवला तर तो अन्याय होतो. पश्चिम बंगालमधल्या २०१६ च्या शालेय भरतीत ओएमआर उत्तरपत्रिकांत फेरफार झाल्याचं उघड झालं. मूळ उत्तरपत्रिका नष्ट झालेल्या होत्या. कोण प्रामाणिक आणि कोण नाही, हे खात्रीने निवडता येईल असा कागदच उरला नव्हता. ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २५,७५३ नेमणुका रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. त्यांतल्या कितीतरी शिक्षकांनी प्रत्येक सूचना पाळली होती, प्रत्येक वर्तुळ काळ्या बॉलपेनने भरलं होतं. त्यांच्या उत्तरपत्रिका सांभाळण्याची सूचना ज्यांच्यासाठी होती, त्यांनी ती पाळली नाही आणि शिक्षा या शिक्षकांना झाली. आपल्या राज्यातल्या २०१९–२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेतला गुणवाढीचा गैरव्यवहार अजून कुणी विसरलेलं नाही.

केंद्राचा सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्धचा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला. पेपरफुटीला, उत्तरपत्रिकांतल्या फेरफाराला तीन ते पाच वर्षं कैद, संघटित टोळी असेल तर पाच ते दहा वर्षं आणि किमान एक कोटी रुपये दंड. या कायद्याचा रोख उमेदवारांवर नाही. त्यांना त्या त्या परीक्षेचे नियमच लागू राहतात. कायद्याने बोट व्यवस्थेकडे आणि टोळ्यांकडे दाखवलं, हे मला योग्य वाटतं.

भाषेबद्दलही बोलायला हवं. आपल्याकडच्या जाहिराती तीस-चाळीस पानांच्या असतात, आणि त्यांतलं मराठी शासन निर्णयांच्या क्रमांकांनी गच्च भरलेलं असतं. एकेक वाक्य पाच ओळींचं. ज्या चुकीने उमेदवारी रद्द होते ती सूचना आणि ज्या चुकीने काहीच बिघडत नाही ती सूचना एकाच आकाराच्या अक्षरात, एकाच परिच्छेदात शेजारी बसलेल्या असतात. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या गावातून, मोबाइलच्या पाच इंची पडद्यावर जाहिरात वाचणाऱ्या मुलीने यातून महत्त्वाचं काय ते कसं वेचायचं? उमेदवारी रद्द करणाऱ्या सूचना वेगळ्या एका पानावर, सोप्या मराठीत, प्रत्येकीपुढे परिणाम आणि कारण लिहून द्याव्यात. कारण कळलं की माणूस सूचना लक्षात ठेवतो, नुसती धमकी विसरतो. यासाठी आयोगाला ना कायदा बदलावा लागेल, ना फार खर्च करावा लागेल.

हे होईल तेव्हा होईल. तोवर तयारी करणाऱ्यांनी काय करायचं, ते सांगून थांबतो. जाहिरात दोनदा वाचा, एकदा अर्ज भरण्याआधी आणि एकदा परीक्षेच्या आठवड्यात. प्रमाणपत्रांच्या तारखा जाहिरातीतल्या तारखांशी पेन घेऊन ताडून पाहा. सरावाच्या प्रत्येक चाचणीत खरी ओएमआर वापरा आणि दर पाच प्रश्नांनी प्रश्नाचा आणि ओळीचा क्रमांक जुळतोय का ते बघा. केंद्रावर किती वाजेपर्यंत प्रवेश मिळतो ते प्रवेशपत्रावर शोधा. केंद्रीय आयोगाच्या पूर्वपरीक्षेत पेपर साडेनऊला असला तरी फाटक नऊलाच बंद होतं. उत्तरपत्रिका हातात आली की आधी रोल नंबर आणि संच, नंतर बाकी सगळं. वर्णनात्मक पेपरात प्रश्नपत्रिकेने दिलेलं नाव सोडून दुसरं कुठलंही नाव, गाव, देव लिहू नका. आणि अर्ज सायबर कॅफेवाल्याच्या हाती सोपवून बाहेर चहाला जाऊ नका. शेजारी बसा, सबमिटचं बटण दाबण्याआधी सगळा अर्ज घरच्या कुणाला तरी फोनवर मोठ्याने वाचून दाखवा, आणि जन्मतारीख दाखल्यावरून त्यांना वाचायला सांगा.